पाणथरी

चाळीस वर्षं मी पाणथरीच विकली.
पालेर्मोत, बालारोच्या बाजारात, मासेवाल्यांच्या पलीकडे,
बापाच्या तिरक्या कढईवर.
वासराची. उकडून, गार करून, कागदासारखी कापायची,
चरबीत परतून तिळाच्या पावात भरायची,
वर लिंबू.
चीज नसलं तर पाव सडा,
चीज घातलं की लग्नाचा. आमच्याकडे असंच म्हणतात.

माझ्याही आत एक आहे, हे ठाऊक होतं,
जसा मानेमागचा तीळ ठाऊक असतो:
दुसऱ्यानं सांगितल्यावर.

डाग आधी निन्फाला दिसले, माझ्या लेकीला.
दंडावर जांभळे, मनगटावर वाटाण्याएवढे.
म्हटलं, कढईचा कान लागला असेल.
मग एकदा दाढी करताना कापलं
आणि दुपारपर्यंत थांबेचना.

दीड लाख प्लेटलेट असायला हव्यात, निघाल्या नऊ हजार.
"तुमची पाणथरी खातेय त्या, रोझोलीनो."
कुंपणच शेत खातंय, एवढं मला कळलं.
पण कुंपणाला बिचाऱ्याला वाटत होतं
आपण राखण करतोय.

सहा महिने गोळ्या. तोंड पावासारखं फुगलं,
रात्री तीनला उठून मी सुऱ्यांना धार लावत बसायचो.
मग तीन लशी, आणि तारीख.
"यंत्र कापणार मला?"
डॉक्टर तुमिनेल्लो म्हणाल्या, "यंत्राला नुसते हात आहेत. चार."

ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं होतं,
पावसात झाकून ठेवलेल्या माझ्या गाडीसारखं.
मला उजव्या कुशीवर वळवलं.
बाई लांब कोपऱ्यात, पाठ माझ्याकडे,
बूट काढून, मोज्यांनी पायपट्ट्या चाचपत,
शिवणयंत्रावर बसावं तशा.
त्यानंतरचं मला आठवत नाही.

पण चित्रफीत दाखवली त्यांनी. मीच मागितली.
कढईसमोर हजारो पाहिल्या,
अशी कधी नाही:
जिवंत, रक्तानं तट्ट,
श्वासाबरोबर वर-खाली होणारी,
जठराला बिलगलेली, झोपेतल्या पोरासारखी.
बारीक चिमटे पडदे सोडवत होते,
माणसाचं मनगट वळत नाही तिकडे वळत.
मग त्यांनी धमनी बंद केली
आणि रंग उतरला.
तो रंग माझ्या ओळखीचा होता.
तो मी रोज पहाटे टोपलीतून उचलतो.

निन्फा म्हणाली, बंद कर, बाबा.

पिशवीत भरली, पिशवीतच चुरली,
अंगठ्याएवढ्या भोकातून काढली.
(मी असं कधी कापणार नाही.)
शेजारी वाटाण्याएवढं पिल्लू होतं, तेही उचललं.
ठेवलं तर तेच वाढून आईचा धंदा चालवतं म्हणे.
खरं आहे. मी तरी दुसरं काय केलं?

"किती भरली?"
"एकशे ऐंशी ग्रॅम."
मनात हिशोब झालाच: तीन पाव.
लग्नाचे असते तर चार.

आता पोटावर चार खुणा, सुईनं दाबल्यासारख्या,
आणि खिशात एक पिवळं कार्ड:
या माणसाला ताप आला तर थांबू नका.
प्लेटलेट दोन लाखांवर. दाढी रोज करतो.

पहिले काही दिवस सुरी उचलायला हात होईना.
नंतर झाला. पोट सगळ्यांनाच आहे.

सहाव्या आठवड्यात डॉक्टर आल्या, एकट्याच,
विद्यार्थी असताना याच गाडीवर खायच्या म्हणाल्या.
सडा मागितला.
पाव घ्यायला हात पुढे केला
आणि तो थरथरला.
फार नाही. मेणबत्ती दारात थरथरते तेवढा.
लिंबाचा रस मनगटावरून ओघळला.
"यंत्र हे गाळून टाकतं," त्या म्हणाल्या.
मी काही विचारलं नव्हतं.

पाव परत घेऊन मी त्याला
आणखी एक कागद गुंडाळला,
घट्ट,
आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला.